लाइनवर मेश्राम मॅडम

“ती मागं बसलेली पोरगी मुकी आहे का हो?”

विचारणाऱ्या सुनंदाताईंनी आवाज खाली आणला होता, पण तो आवाज मंडईत घडलेला आहे. त्यांची कुजबुजसुद्धा तीन गाळे पलीकडे पोचते. मी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात लॅपटॉपच्या आड बसले होते आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. मेश्राम मॅडम त्यांचं नाव वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मुकी नाही. तिची लाइन बिझी आहे. लागेल.”

मी खाली वाकून लॅपटॉपची वायर नीट बसली आहे का ते पाहिलं. ती नीटच होती.

लाइन लागेल की नाही याची मला स्वतःला खात्री नव्हती. माझं शिक्षण पुण्यातच, इंग्रजी माध्यमात झालं. मला इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं. बोलायला मात्र जमत नाही. शाळेत माझ्या उच्चारांना हसणारी मुलं होती आणि सुट्टीत माझ्या मराठीला हसणारी भावंडं. दोन्ही हसणी टाळायचा सोपा उपाय मी फार लवकर शोधून काढला. मी आता सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. त्यात चूक सापडली की लिहून कळवायची असते, तोंडाने सांगावी लागत नाही. मीटिंगमध्ये माझा माइक बंद असतो आणि इतकी वर्षं तो बंद आहे याची कुणी तक्रार केलेली नाही.

मॅडम माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. शनिवार पेठेतली आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. त्या बारा नंबरमध्ये, मी अकरामध्ये. पहाटे भिंतीपलीकडून त्यांची बुद्धवंदना ऐकू यायची, प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या मॅडम, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चष्मा.

“तुमचं इंटरनेट भिंतीतून येतं का हो?”

मला आधी वाटलं, त्याचा काही त्रास होतोय अशी तक्रार असावी. तसं नव्हतं. त्यांच्या फोनचं इंटरनेट रोज सात वाजून वीस मिनिटांनी संपायचं. “आमचा वाघमारे नळ अर्धा उघडून ठेवतो आणि गायब होतो,” त्या म्हणाल्या. “चौदा माणसं त्या नळाकडे बघत बसतात.”

वाघमारे कोण, हे मला आठवडाभराने कळलं. मी त्यांना एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. चार दिवसांनी त्या परत आल्या आणि लॅपटॉप घेऊन रोज संध्याकाळी एक तास बसशील का, असं विचारलं. मला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. शेवटी मी एवढंच म्हणाले की, मला बोलायला लावायचं नाही.

“मंजूर,” त्या म्हणाल्या, आणि का म्हणून विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘अकरा नंबर’ झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांनी जन्मभर माणसं नंबराने ओळखली होती. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून पुण्यात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत कानाला हेडफोन लावून बसल्या. त्यामुळे त्यांना चेहरे लक्षात राहायचे नाहीत. रस्त्यात कुणी भेटून नमस्कार केला तर त्या हसायच्या आणि तो माणूस बोलेपर्यंत वाट बघायच्या. आवाज ऐकला की लगेच त्याच्या मुलाचं, नोकरीचं, गुडघेदुखीचं विचारायच्या. जिना चढणारा कोण आहे हे त्या पावलांवरून सांगायच्या.

त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘इंग्रजी बोलण्याचा वर्ग. लिहिण्याचे काम येथे होत नाही.’ मूळच्या विदर्भातल्या, पण पेठेत तीस वर्षं काढल्यावर माणूस अशी पाटी आपोआप लिहितो.

क्लास चालायचा तो इंटरनेटवरच्या व्हिडिओंवर. पण इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ त्यांना अजिबात चालायचे नाहीत. मी सुरुवातीला मोठ्या हौसेने तसे पाच-सहा शोधून दिले होते. चकचकीत फळा, चकचकीत दात, ‘दररोज वापरायची पन्नास वाक्यं’. मॅडमनी एक अर्धा पाहिला आणि फोन पालथा ठेवला. म्हणाल्या, हा माणूस आपल्याकडे बघून बोलतोय. आपल्याकडे बघून बोलणारा माणूस काहीतरी विकत असतो. नळ दुरुस्त करणाऱ्याचं लक्ष नळाकडे असतं, म्हणून तो खरं बोलतो. त्याचं ऐकायचं.

म्हणून वाघमारे. तो स्कॉटलंडमधला एक लठ्ठ, लाल गालांचा नळदुरुस्तीवाला होता आणि आपल्या कामाचे व्हिडिओ टाकायचा. त्याचा आवाज टेलिफोन खात्यातल्या कुणा वाघमाऱ्यांसारखा होता, म्हणून त्याचं बारसं झालं. न्यूझीलंडमध्ये पाव भाजणारी एक आजी होती, ती देशपांडेबाई. नायजेरियातला टायर बदलून दाखवणारा तरुण म्हणजे शेखसाहेब, कारण खात्यातले शेखसाहेबही प्रत्येक वाक्यानंतर एकदा हसायचे. मॅडम या सगळ्यांशी अदबीने बोलायच्या. व्हिडिओ फार भरभर चालला की पडद्याकडे बघून म्हणायच्या, “अहो देशपांडेबाई, आम्हाला कळू द्या ना जरा.” मग माझ्याकडे न बघता, “अकरा, पाऊण कर.” मी वेग पाऊणपट करायचे. देशपांडेबाईंना अचानक झोप आल्यासारखं व्हायचं आणि वर्गातली माणसं पुढे सरसावून बसायची.

पद्धत अशी होती. व्हिडिओ पहिल्यांदा लागायचा तो आवाज बंद करून. वाघमारे सिंकखाली आडवा होणार, हात घालणार, काहीतरी बोलणार, तोंड वाकडं करणार. तो काय म्हणत असेल ते प्रत्येकाने इंग्रजीत सांगायचं. काहीही चालेल. एकदा सुनंदाताईंनी सांगितलं की तो म्हणतोय, माझ्या बायकोने मला सकाळपासून चहा दिला नाही. सगळे हसले, पण मॅडमनी त्यांच्याकडून ते पूर्ण वाक्य इंग्रजीत काढून घेतलं. मग व्हिडिओ दुसऱ्यांदा, आवाजासह पण पाऊण वेगाने. मग तिसऱ्यांदा पूर्ण वेगाने, आणि यावेळी वाघमाऱ्यासोबत सगळ्यांनी बोलायचं, त्याच्याच सुरात, त्याच्याच ठिकाणी श्वास घेत. चौदा माणसं एकसाथ स्कॉटलंडच्या नळाला शिव्या घालायची. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका एकदा वर येऊन विचारून गेले की नळ कुणाचा गळतोय.

उत्तर चुकलं तर मॅडम चूक म्हणायच्या नाहीत. “राँग नंबर. परत लावा,” एवढंच. आणि एक नियम फार कडक होता. वाक्य सुरू केलं की लाइन तोडायची नाही. शब्द आठवत नसेल तर मराठी घाला, हिंदी घाला, हातवारे करा, पण टोक गाठा. ‘सॉरी’ म्हणून खाली बसायचं नाही.

कुणी मध्येच अडलं की मॅडम शब्द सुचवायच्या नाहीत. त्या उजवा हात कानाशी न्यायच्या, जणू तिथे अजून हेडफोन आहे, आणि म्हणायच्या, “बोला. मी लाइनवर आहे.” मग थांबायच्या. थांबणं ही गोष्ट त्यांच्याइतकी चांगली करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यात उत्तेजन नसायचं, दया नसायची, घाई तर नाहीच. एखादा माणूस बस येईपर्यंत उभा राहतो, बस येणार हे माहीत असतं म्हणून, तसं ते असायचं.

सुनंदाताईंसाठी त्या एकदा चार मिनिटं थांबल्या. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असतं, म्हणून मला माहीत आहे. सुनंदाताईंचा मंडईत लिंबू, मिरची, कोथिंबीर, आल्याचा गाळा आहे. परदेशी लोक येतात, त्यांचा आणि लिंबांच्या ढिगाचा फोटो काढतात, गोड हसतात आणि जातात. ताईंना त्यांना अडवून चार शब्द बोलायचे होते. फोटो काढलाय तर निदान दोन लिंबं तरी घ्या, आणि घेतली तर ती कशी ठेवायची तेही ऐका. एवढ्यासाठी त्या गाळा भाच्यावर सोपवून आठवड्यातून पाच दिवस यायच्या. त्या दिवशी त्या ‘कोथिंबीर पाण्यात ठेवू नका, कारण’ इथपर्यंत आल्या. ‘बिकॉज’ म्हणाल्या आणि थांबल्या. मॅडमचा हात कानाशी. पहिल्या मिनिटाला लोक चुळबुळले. दुसऱ्या मिनिटाला पंखा ऐकू यायला लागला. तिसऱ्या मिनिटाला मला स्वतःलाच उत्तर ओरडून सांगावंसं वाटलं आणि मी पदर नव्हता म्हणून ओढणीत बोटं गुंडाळली. मग सुनंदाताईंनी मुठी आवळून सांगितलं, “बिकॉज शी इज ड्रिंकिंग, ड्रिंकिंग, ड्रिंकिंग, अँड देन शी इज डाय.”

“लागला,” मॅडम म्हणाल्या.

व्याकरणाचं काय, असं निलेशने विचारलं. त्या म्हणाल्या, कोथिंबीर मेली ना? कळलं ना? व्याकरण उद्या.

निलेश यवतमाळचा. चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर काम करायचा आणि त्याला सुपरवायझर व्हायचं होतं. त्याची मुलाखत इंग्रजीत होणार होती. वर्गात सगळ्यात मेहनती तोच, बसमध्येही कानात वाघमारे. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी तो आला तो दारातच उभा राहिला, आत येईना.

“काहून गा?” मॅडमनी विचारलं. विदर्भातलं माणूस समोर असलं की त्यांची पुण्याची भाषा बाजूला व्हायची.

मुलाखत छान झाली होती. सगळी उत्तरं आली. शेवटी साहेब म्हणाले, थँक्यू, तुम्ही जाऊ शकता. निलेश उठला, खुर्ची नीट ठेवली आणि वाघमाऱ्याच्या सुरात म्हणाला, थँक्यू फॉर वॉचिंग, अँड डोन्ट फरगेट टू सबस्क्राइब.

“मॅडम, मी बोललो अन् मलाच ऐकू आलं,” तो म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. बाकीचा वर्ग हसून आडवा झाला होता, मीसुद्धा लॅपटॉपमागे. त्यांनी विचारलं, मग साहेब काय म्हणाले? साहेबांनी म्हणे त्याला परत बसवलं आणि हे काय होतं म्हणून विचारलं. निलेशला सगळंच सांगावं लागलं. वाघमारे, आवाज बंद, पाऊण वेग. वीस मिनिटं इंग्रजीत. जाताना साहेबांनी वाघमाऱ्याच्या चॅनेलचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या फेरीला ये म्हणाले. कधी, ते नंतर कळवणार होते.

“म्हणजे सबस्क्राइब केलं त्यांनी,” मॅडम म्हणाल्या आणि मग हसल्या. पण त्याच संध्याकाळी मला हुकूम झाला. अकरा, आजपासून प्रत्येक व्हिडिओचं शेपूट कापायचं. पुढचं महिनाभर मी शेपटं कापत होते.

दुसरं काम होतं वर्गाच्या स्वतःच्या व्हिडिओंचं. बॅच संपण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटांचा एक व्हिडिओ करायचा असायचा. आपल्या हातांना जे काम येतं ते करत करत इंग्रजीत समजावून सांगायचं. त्यात फक्त हात दिसायचे. चेहरा घ्यायचा नाही, हा मॅडमचा नियम होता. लोकांना चेहऱ्याचीच भीती असते, त्या म्हणायच्या, हातांना कुणी लाजत नाही. मी ते कापून-जोडून द्यायचे. त्यामुळे वर्गातले सगळे हात मी ओळखते. निलेशच्या अंगठ्याचं काळं नख, सुनंदाताईंची आल्याने पिवळट झालेली बोटं.

प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर मॅडमनी करायला लावलं होतं. चौदा झाल्यावर म्हणाल्या, आणखी एक कर, ‘अकरा’ नावाचं. मी केलं. ते रिकामं राहिलं. त्यांनी त्याबद्दल पुन्हा एकदाही विचारलं नाही. मीही ते काढून टाकलं नाही.

मंजूर म्हटलेली अट त्यांनी दीड वर्ष पाळली. एकदाच, खुर्च्या रचून ठेवताना, न विचारता त्यांनी आपली गोष्ट सांगितली. नोकरीचा पहिला महिना. मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी पाठ केलेलं. मुंबईच्या ऑपरेटरशी इंग्रजीत बोलून एक लांबचा कॉल जोडायचा होता आणि ऐन वेळी सगळे शब्द गेले. सुपरवायझर मागे उभा. तिकडून मुंबईची बाई शांतपणे म्हणाली, सावकाश बोल, मी लाइनवर आहे. आणि ती खरंच थांबली.

“तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही,” मॅडम म्हणाल्या. “नावही माहीत नाही. आवाज आजही ओळखीन.” आणि शेवटची खुर्ची माझ्या हातात दिली.

मार्च संपता संपता इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. दोन महिन्यांत सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या होत्या. मी स्वारगेटच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली. मॅडम भंडाऱ्याला भाचीकडे निघाल्या. बॅच अर्ध्यावर होती. निलेशची पुढची फेरी व्हायची होती, सुनंदाताईंचा लिंबांचा व्हिडिओ राहिला होता. मॅडमनी सगळ्यांना शब्द दिला की उरलेला क्लास फोनवरून, ऑनलाइन पुरा करू. सुरू केलेलं वाक्य त्या अर्ध्यावर सोडणार नव्हत्या. ही बॅच त्यांची शेवटची असणार, हे तेव्हाच ठरल्यासारखं होतं.

पहिल्या ऑनलाइन क्लासला त्यांनी कॅमेरा बंद ठेवला. पडद्यावर नुसतं नाव आणि त्यामागे घूं घूं असा आवाज. विमान आहे का, असं कुणीतरी विचारलं. तो मे महिन्यातला विदर्भातला कूलर होता. निलेशने वाक्य सुरू केलं आणि तो अडला. मॅडम म्हणाल्या, बोला, मी लाइनवर आहे. आणि नेहमीसारख्या थांबल्या.

तिकडे कानाशी हात नक्की गेला असणार. पण तो दिसत नव्हता. अर्ध्या मिनिटाने सुनंदाताई म्हणाल्या, मॅडम, आवाज येत नाहीये. कुणीतरी लिहिलं, नेट गेलं. एकाने फोन बंद करून परत लावला, मग दुसऱ्याने, मग सहा जण एकदम बाहेर गेले. निलेशला आपलं वाक्य सापडलं तेव्हा ऐकायला तिघं उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. “अकरा, बॅच बंद करावी म्हणते,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कूलर जास्त आणि त्या कमी होत्या. मला काहीतरी म्हणायचं होतं. त्या बराच वेळ थांबल्या, मला ते ऐकू येत होतं, आणि मला काही जमलं नाही. फोन ठेवल्यावर मी लिहून पाठवलं, ‘कॅमेरा सुरू करा. तुमचं थांबणं त्यांना दिसलं पाहिजे.’

उत्तर तासाभराने आलं. ‘मला चेहरा दाखवायला जमत नाही. तुला बोलायला जमत नाही तसं.’ त्याखाली, थोड्या वेळाने, ‘बघते.’

संध्याकाळी सातला पंधरा चौकोन उघडले, चौदा वर्गाचे आणि एक माझा. काही मिनिटांनी सोळावा उजळला. मॅडम होत्या. मागे पिवळी भिंत, खिळ्याला अडकवलेली बुद्धाची छोटी तसबीर, कूलर बंद, कपाळावर घाम. केस ओले करून नीट विंचरलेले. दीड वर्ष मी त्यांना रोज पाहत होते, पण इतक्या घाबरलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. आपण फोनकडे बघतो तसं त्या बघत नव्हत्या, शाळेच्या पहिल्या दिवशी मूल गेटकडे बघतं तसं बघत होत्या.

“गुड ईव्हनिंग,” त्या म्हणाल्या. “टुडे वी विल”

आणि त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली, जिथे आपल्याला आपणच दिसतो. त्या थांबल्या. हे त्यांचं नेहमीचं थांबणं नव्हतं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. सुनंदाताईंनी आपला फोन एकदा हलवून पाहिला. निलेशने लिहिलं, ‘नेट?’ मॅडमनी ते वाचलेलं मला दिसलं. त्यांचा हात उठला. तो कानाकडे जात नव्हता, तो पुढे येत होता, पडद्याच्या खालच्या कडेला जिथे लाल बटण असतं तिकडे. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी थांबलेल्या या बाईंसाठी थांबायला कुणीतरी हवं होतं, आणि कुणालाच ते सुचत नव्हतं.

माझा चौकोन काळा होता. त्यावर नुसतं ‘अकरा’ लिहिलेलं. मी माइकचं बटण दाबलं. माझाच श्वास मला खोलीत मोठ्याने ऐकू आला, आणि चौकोनाभोवती हिरवी रेघ उमटली.

“बोला, मॅडम,” मी म्हणाले. “मी लाइनवर आहे.”